भूत स्वस्त, रात्र महाग! शिरूर-दौंडात कमी खर्चात भयपट करायचा तर

गावाकडे पडका वाडा आहे, मळ्यात विहीर आहे, मागे उसाचं रान आहे आणि कॅमेरावाला ओळखीचा आहे. एवढ्यावर 'दोन-चार लाखांत पिक्चर होतो' असं सांगणारा कुणीतरी तुम्हाला भेटला असेलच. त्याचं ऐकू नका. 90 मिनिटांचा भयपट, 22 जणांचं युनिट आणि 12 दिवसांचं शूटिंग धरलं, तर आज 20 लाखांची तयारी ठेवा. यात भुतावर फारसा खर्च नाही. पैसा खाते ती रात्र, आणि त्यानंतर आवाज.

स्वस्तात झालेल्या भयपटांची नावं घेताना ते स्वस्त का पडले, तेही बघा. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' हा 2007चा अमेरिकी चित्रपट सुमारे 15 हजार डॉलरमध्ये झाला, तो दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात आणि मोजक्या माणसांत. रामसे बंधूंनी 1972चा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरात उरकला, कारण कॅमेऱ्यापासून आवाजापर्यंतची कामं घरातलीच माणसं करत होती. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' 2017 साली आला. त्यात एक घर, भोवती ऊस आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी पात्रं. पुढे त्यांनीच हिंदीत त्याचा 'छोरी' केला. तेव्हा जागा आधी पक्की करा आणि गोष्ट तिच्या मापाने लिहा. गोष्टीत चार गावं आणि लग्नाची वरात असेल, तर ती आत्ताच कापा.

आधी ठरवा, दाखवणार कुठे?

खर्चाचा निम्मा आराखडा याच उत्तरावर ठरतो. यूट्यूबवर टाकायचं असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. ओटीटीवाले स्वतःच वयोगट ठरवतात. पण थिएटरात, किंवा गावच्या मैदानात पडदा लावून लोकांना दाखवायचं असेल तर प्रमाणपत्र हवंच, तिकीट लावा नाहीतर फुकट दाखवा.

शिरूर की दौंड?

दोन्ही ठिकाणं पुण्यापासून साधारण 70-80 किलोमीटरवर. न्हावरे-चौफुला रस्त्याने एकमेकांना जोडलेली. दोन्हीकडे शूट करायचा मोह टाळा. युनिट हलवायचा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचं भाडं, जेवण, पगार सगळं चालूच राहतं.

दौंडचा फायदा असा की पुण्याहून लोकल आहे. दिवसापुरते येणारे कलाकार गाडीभाड्याशिवाय येऊन-जाऊन करू शकतात. तोटाही तिथेच आहे. जंक्शन असल्यामुळे रात्रभर मालगाड्यांचे भोंगे वाजतात. स्टेशनपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत 'भयाण शांतता' चित्रित करायची असेल, तर सगळे संवाद डबिंगमध्ये पुन्हा करावे लागतील हे धरूनच चाला. ओसाड दिसणारी रेल्वेची क्वार्टर्स आणि रूळ यांच्या वाटेला विनापरवाना जाऊ नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा होतो, सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. रीतसर परवानगी मध्य रेल्वेच्या मुंबईतल्या जनसंपर्क कार्यालयामार्फत मिळते. पटकथा, विमा, अनामत आणि रोजचं भाडं असं सगळं लागतं. छोट्या बजेटला ते झेपत नाही. रेल्वेचा सीन काढून टाका.

केडगाव, यवत, वरवंड भागातली गुऱ्हाळं मात्र सोडू नका. पहाटेच्या अंधारात चुलवाणाच्या तोंडातून निघणारा तांबडा जाळ आणि काहिलीवरची वाफ, हे लाइटवाल्याला हजारो रुपये देऊनही जमत नाही. मालकाला पाच-सहा तासांचे दोन-तीन हजार आणि कामगारांना वेगळी मजुरी द्या. काहिलीपासून कलाकार किमान दहा फूट लांब ठेवा. उकळता रस अंगावर उडाला की कातडी सोलते.

शिरूरकडे घोड नदीचा काठ, मलठण-पाबळकडची उघडी माळरानं आणि जुनी दगडी घरं आहेत. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी पहाटे धुकं फुकट मिळतं, फक्त लेन्सवर दव बसतं, तेवढं सांभाळा. पाबळला मस्तानीची समाधी आहे. तिथे भुताचा सीन लिहू नका. परवानगी मिळणार नाही आणि मिळाली तरी वाद अंगाशी येईल. मोठा वाडाच हवा असेल, तर 'तुंबाड'चा वाडा दौंडशेजारच्या पुरंदर तालुक्यात सासवडला आहे. पण असे नावाजलेले वाडे चित्रपटवाल्यांना सरावलेले असतात आणि दरही तसाच सांगतात. तुम्हाला हवा तो अनोळखी, मालक जवळ राहणारा, छप्पर शाबूत असलेला वाडा.

जागेचे कागद

वाड्याचं किंवा शेतघराचं भाडं दिवसाला तीन ते सहा हजार. घासाघीस इथे नको, ती मालकीची खात्री करण्यात करा. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मागा. शेतासाठी डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या घ्या. एका भावाने होकार दिला आणि रात्री बारा वाजता दुसरा काठी घेऊन उभा राहिला, असं या भागात नेहमी घडतं. करार 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर करा. 100चा आता चालत नाही.

करारात या गोष्टी नावानिशी लिहा: किती दिवस, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, वीजबिल कुणाचं, भिंत खराब झाली तर रंग कुणी द्यायचा, आणि चित्रपटात या घराचं किंवा गावाचं खरं नाव येणार नाही. शेवटचं वाक्य मालकासाठी आहे. 'भुताचं घर' म्हणून नाव पडलं की उद्या भाडेकरू मिळत नाही. हे तुम्ही स्वतःहून लिहून दिलंत की भाडंही थोडं खाली येतं.

ऊस हवा असेल तर एक कागद जास्त. उसाची नोंद कोणत्या कारखान्याकडे आहे आणि तोड कधी आहे, हे शेतकऱ्याबरोबर कारखान्याच्या चिटबॉयलाही विचारा. तोडणीची टोळी आली की ती तुमच्या पिक्चरसाठी थांबत नाही. काल नायिका ज्या उसात शिरली, तो आज मोकळा माळ झालेला असतो. शिवाय पायाखाली मोडलेल्या उसाची भरपाई गुंठ्यावर आधीच ठरवा.

परवानग्या: कुणाकडे, किती आधी

सरकारी जागा (शाळा, दवाखाना, धरण, कालवा) हवी असेल, तर गोरेगाव चित्रनगरीत कार्यालय असलेल्या राज्याच्या चित्रपट महामंडळाच्या एक खिडकी पोर्टलवर अर्ज करा. महिनाभर हाताशी ठेवा. खासगी जागेसाठी मालकाचं संमतिपत्र, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि पोलिसांना पत्र. स्मशानभूमी ग्रामपंचायतीची असते, पण दाखला मिळाला तरी पोलीस पाटलांना आणि जवळच्या वस्तीला भेटून घ्या. त्या दिवशी गावात मयत झाली तर शूटिंग रद्द, हे तोंडी नाही, लेखी मान्य करा.

पोलीस ठाणं हद्दीप्रमाणे. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर आणि रांजणगाव एमआयडीसी, तर दौंड तालुक्यात दौंड आणि यवत. पत्रात तारखा, वेळ, जागा, युनिटची संख्या, गाड्यांचे नंबर, जबाबदार माणसाचा मोबाइल आणि सीनमध्ये खोटी हत्यारं, रक्त, किंकाळ्या आहेत ही ओळ टाका. पोहोच घेतल्याशिवाय निघू नका. रात्री दोन वाजता बाईची किंकाळी ऐकून कुणी 112 फिरवला, तर हीच पोहोच तुम्हाला वाचवते. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, म्हणून सूचना वॉकीटॉकीवर द्या. आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकायला सरपंचांना सांगा.

लहान मूल असेल तर नीट वाचा. भयपटांत मूल असतंच, आणि कायदा तिथेच आडवा येतो. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मुलाच्या मानधनातली किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 मुलाला कामाला लावता येत नाही. म्हणजे मुलाचे रात्रीचे सगळे सीन दिवसा, खिडक्या झाकून. मूल दहा वर्षांचं दाखवायचं असलं, तरी अठरा वर्षांची लहानखुरी कलाकार मिळते का ते आधी पाहा.

काळं मांजर, कुत्रं, अंगणातून चालत जाणारा कोंबडा, यांतलं काहीही फ्रेममध्ये असेल तर प्राणी कल्याण मंडळाची शूटिंगआधी परवानगी आणि नंतर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. सगळा पिक्चर तयार आणि एका मांजरासाठी सेन्सॉर अडलेलं, अशी पाळी येते. मांजर कापा. घुबड आणि साप पकडून आणणं हा थेट वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, 'सर्पमित्र आपला माणूस आहे' म्हटल्याने सुटका होत नाही. बिडीही कापा. धूम्रपानाचं एक दृश्य असलं तरी आरोग्य-सूचनांच्या फिती आणि पडद्यावर पट्टी लावावी लागते, आणि ऐन भीतीच्या क्षणी ती पट्टी झळकते.

रात्र स्वस्त कशी करायची

बाहेरची एक रात्र म्हणजे जनरेटर. 25 केव्हीएचा आवाज न करणारा जनरेटर दिवसाला सात हजारांच्या आसपास, त्यात डिझेल वेगळं. दहा तासांत चाळीस-पंचेचाळीस लिटर जातं, म्हणजे आणखी चार हजार. वर ऑपरेटरचा भत्ता, आणण्या-नेण्याचं भाडं, रात्रीचं दुसरं जेवण, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलेलं युनिट. भाडं ठरवताना 'डिझेल, ऑपरेटर, वाहतूक धरून किती?' असाच प्रश्न विचारा.

शेतातल्या मोटारीच्या जोडणीवरून लाइट घेऊ नका. शेतकरी 'घ्या की' म्हणेल, पण शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरणं म्हणजे अनधिकृत वापर, आणि दंडाचं बिल त्याच्या नावे येतं. शिवाय थ्री फेज कधी येते-जाते त्याचा नेम नाही. घरात शूट असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी मागा.

माझा सल्ला असा: बाराच्या बारा रात्री लिहू नका, पाचांत भागवा. घरातली रात्र दिवसा करा. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मल्चिंग पेपरचा रोल दोन-अडीच हजारांत मिळतो. त्याची काळी बाजू आत ठेवून दारं-खिडक्या बाहेरून बंद करा. वाऱ्याने तो फडफडतो आणि माइकमध्ये ऐकू येतो, म्हणून वरून गोधड्या बांधा. गोधड्यांनी खोलीतला घुमणारा आवाजही मरतो. आत उकडतं, तेव्हा दर तासाला दार उघडा.

रक्त बाजारातून आणू नका. गुऱ्हाळातून काकवी आणा, त्यात खायचा लाल रंग आणि थेंबभर निळा घाला. घट्टपणा अगदी खरा येतो. एक अडचण: अर्ध्या तासात मुंग्या लागतात. मेलेल्याची भूमिका करणाऱ्याला हे आधी सांगा. भिंतीवर मारायचं असेल तर आधी प्लास्टिक लावा, नाहीतर रंगाचे दहा हजार गेलेच.

धुरासाठी फॉग मशीन दिवसाला हजार-दीड हजारात मिळतं. पाचट किंवा टायर पेटवून धूर करू नका. शेजारचा ऊस पेटला तर पिक्चरच्या बजेटएवढी भरपाई द्यावी लागेल.

बिबट्या

हा मुद्दा भीतीसाठी लिहिलेला नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसात बिबट्या राहतो, पिल्लं घालतो. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं दगावली. भीमेकाठच्या दौंड तालुक्यातही बिबटे आहेत. आणि तोडणी सुरू झाली की लपण मोडल्यामुळे ते बाहेर फिरतात. म्हणजे नेमका तुमच्या शूटिंगचा हंगाम.

उसातले रात्रीचे सीन लिहिलेच असतील, तर ते उसाच्या कडेला, दिवस मावळताना, कॅमेऱ्यात अंधार करून घ्या. उसाच्या आत रात्री कुणालाही पाठवू नका, लाइटबॉयलाही नाही. लघवीला एकट्याने जायचं नाही, खाली बसायचं नाही, उरलेलं जेवण आणि हाडकं उघड्यावर टाकायची नाहीत, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. आठवडाभर आधी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात लेखी कळवा. ते नको म्हणाले तर नको. हेल्पलाइन 1926. साप-विंचवासाठी 108, आणि विषावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

हिशोब

दर पुण्यातल्या भाड्याचे, बजेट मांडण्यापुरते. तुमचं कोटेशन थोडं इकडेतिकडे होईल.

जेवण-नाश्ता-चहा माणशी 400 धरून 12 दिवसांचे 1 लाख 6 हजार. लॉजच्या आठ खोल्या 1,200 दराने 1 लाख 15 हजार. टेम्पो ट्रॅव्हलर आणि सामानाची पिकअप मिळून 1 लाख 14 हजार. कॅमेरा-लेन्स 96 हजार, लाइट 1 लाख 20 हजार, आवाज नोंदवणारा त्याच्या सामानासकट 72 हजार. पाच रात्रींचा जनरेटर 55 हजार, जागा 60 हजार, कला आणि मेकअप 1 लाख 20 हजार. कलाकार-तंत्रज्ञांचं मानधन 4 लाख, आणि हे अगदी मित्रांच्या दरात. संकलन, ध्वनी, रंग, संगीत, थोडं व्हीएफएक्स मिळून 4 लाख 35 हजार. थिएटरची डीसीपी प्रत, सेन्सॉर, सबटायटल यांना 1 लाख. बेरीज 18 लाखांच्या जवळ, वर 10 टक्के राखीव. भाड्याच्या बिलांवर 18 टक्के जीएसटी लागेल, तो कोटेशनमध्ये धरलाय का ते विचारा. बहुतेकदा धरलेला नसतो.

कपात करायची तर खोल्यांत करा, दिवसांत करा, पात्रांत करा. आवाजात करू नका. भयपट अर्धा कानांनी बघितला जातो. संवाद मोबाइलवर नोंदवलेला पिक्चर ओटीटीवाले पहिल्या पाच मिनिटांत परत पाठवतात.

गावकऱ्यांना गर्दीत उभं करणार असाल तर दिवसाची मजुरी द्या. 'पिक्चरमध्ये दिसाल' ही मजुरी नव्हे.

शूटिंगनंतरचे छुपे खर्च

नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे आधी नोंदवा. मुख्य कार्यालय कोल्हापूरला आहे. पटकथेच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क 500 रुपये, चित्रपटाचं 5,000. सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर तुम्ही स्वतः करू शकता, शुल्क लांबीप्रमाणे. एजंट घेतलात तर सरकारी शुल्काची पावती वेगळी मागा. 2024पासून यूए 7+, यूए 13+, यूए 16+ असे गट आहेत. 'ए' मिळालेला चित्रपट तसाच्या तसा टीव्हीवर लागत नाही, म्हणून रक्तपात जरा आवरून यूए 16+ मध्ये बसवा. ऐकू न शकणाऱ्या आणि पाहू न शकणाऱ्या प्रेक्षकांसाठी कॅप्शन आणि वर्णन-ध्वनी देण्याचे नियमही आता थिएटरच्या चित्रपटांना आहेत, त्याचे पैसे बाजूला ठेवा. मांत्रिक-अघोरी दाखवत असाल तर जादूटोणाविरोधी कायदा, 2013 लक्षात घ्या. सुरुवातीला अस्वीकरणाची पाटी टाका, आणि प्रसिद्धीसाठी चौकात काळ्या बाहुल्या टांगण्याची कल्पना सोडून द्या.

राज्य सरकारचं अनुदान 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' दर्जाला 30 लाख असं आहे, पण ते चित्रपट पूर्ण होऊन तपासल्यानंतर. 'अनुदान मिळवून देतो, आधी पन्नास हजार द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. 'ओटीटीवर लावून देतो' म्हणणाऱ्याकडून आधी लावलेल्या तीन चित्रपटांचे करार बघायला मागा. ऑडिशनला पैसे तुम्ही मागू नका, आणि कुणी तुमच्या नावाने मागतंय का यावर लक्ष ठेवा. शिरूर-दौंडच्या पोरांना हेच गंडे सर्वाधिक बसतात.

तारखा

1 जानेवारीच्या आसपास शिक्रापूरपासून नगर रस्त्याची वाहतूक वळवलेली असते आणि पोलीस बंदोबस्तात असतात. ते चार दिवस शिरूरकडे शूटिंग ठेवू नका. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी यवत-वरवंडमार्गे जाते, त्या दिवसांत दौंडकडे लॉज मिळत नाहीत. चैत्र-वैशाखात जत्रा आणि सप्ताह, म्हणजे रात्रभर भोंगे. उभा ऊस हवा असेल तर दिवाळीनंतरचे दोन आठवडे धरा. ऊस नको असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा सर्वांत सोयीचा. दिवाळीनंतरची तारीख धरायची असेल, तर जागेचे करार आणि परवानग्यांचे अर्ज गणपती उठल्याबरोबर टाका.